श्वास रोखून धरा

आमच्या भोरकडे क्ष-किरणचित्राला अजूनही ‘फोटो’च म्हणतात. ‘छातीचा फोटो काढला, पण त्यात काही आले नाही,’ असे कोणी सांगितले की मला हसू येते. पण त्या बोलण्यात शास्त्रार्थ पुष्कळ आहे. साध्या फोटोत बरगडी, फुप्फुस, हृदय सारे एकावर एक पडते. आमच्या राजगडाचेच घ्या ना! गुंजवण्याहून पाहिला तर एक रूप, भुतोंड्याहून पाहिला तर दुसरेच. गडाची खरी ठेवण कळायची तर चहूकडून फिरून पाहिले पाहिजे.

सी.टी. स्कॅन म्हणजे हीच प्रदक्षिणा. इंग्लंडात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना पहिल्या प्रयोगात नुसती मोजणी करायलाच नऊ दिवस लागले होते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र निघाले. त्याच वर्षी आपल्या जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी असल्या सावल्यांवरून मूळ वस्तू जुळवण्याची गणिती रीत प्रसिद्ध केली. तिच्यातल्या चाळणीला जगभर ‘राम-लक’ म्हणतात. हे ऐकून आईला राम-लक्ष्मणाची जोडी आठवली, आणि मीही ती समजूत मोडली नाही.

आईचा या विषयाशी संबंध आला तो गेल्या वर्षी. तिचे वय ८१. खोकला हटेना, तेव्हा कापूरहोळवरून पन्नासेक किलोमीटर गाडी करून तिला पुण्याला नेले. यंत्र जरा जुने होते. आतून एक धातूसारखा आवाज आला, ‘श्वास रोखून धरा.’ आता ज्या बाईला देव्हाऱ्यापासून ओटीपर्यंत जाताना मध्ये एकदा टेकावे लागते, तिने श्वास धरायचा कसा? चित्र हलले. पुन्हा घेतले, तेही थोडे हललेच. डॉक्टर म्हणाले, ‘डाव्या बाजूला एक ठिपका दिसतोय. पण ठिपका आहे की हललेली शीर, हे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा पाहू.’

ते तीन महिने घरात कोणी मोठ्याने बोललेसुद्धा नाही.

त्याच सुमारास माझा भाचा दिवाळीला आला. बंगळूरला असल्याच यंत्रांच्या रचनेवर तो काम करतो. ओटीवर पणत्या लावता लावता त्याने मला जे समजावले, ते मी माझ्या भाषेत सांगतो. नेहमीच्या यंत्रात किरणांची नळी एक आणि समोर किरण टिपणारी मोठी कमान. जणू एक गॅसबत्ती आणि समोर पांढरी भिंत. आता हे उलटे करा. वीतभर रुंदीत पणत्यांच्या ओळीच ओळी मांडा, आणि समोर भिंतीऐवजी दोन-तीन बोटे रुंदीचा एक चिमुकला डोळा ठेवा. पणत्या एकेक करून क्षणभर पेटवायच्या. प्रत्येकीची बारीक तिरीप त्या डोळ्याकडेच रोखलेली. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या नॉर्बर्ट पेल्क यांच्या मंडळींनी २००४ च्या सुमारास ही उलटी मांडणी शक्य असल्याचे दाखवले.

‘पण मामा, यात फायदा काय?’ हा प्रश्नही त्यानेच विचारला आणि उत्तरही त्यानेच दिले. वरंधा घाटात धुके असले की मोटारीच्या झगझगीत दिव्याने धुकेच उजळते, रस्ता दिसत नाही. शरीरात विखुरलेल्या किरणांचे तसेच होते. तिरीप बारीक असली की विखुरलेले किरण डोळ्यात फारसे शिरत नाहीत. शिवाय खांद्याकडची पणती मोठी आणि फुप्फुसाकडची मंद ठेवता येते. म्हणजे माणसाच्या अंगावर नाहक किरण पडत नाहीत. शिवाय पणत्या वरपासून खालपर्यंत मांडलेल्या असल्यामुळे एका फेरीत सबंध अवयव टिपता येतो, कडेची चित्रे वेडीवाकडी न होता.

मला हे फारच सोपे वाटले, म्हणून मी संशय घेतला. अडचण निघालीच! नळीत घातलेल्या विजेतला शंभरातला एक वाटा जेमतेम किरण होतो, बाकी सगळी उष्णता. चिमुकल्या डोळ्यात पडणारे किरण थोडे. म्हणून पणत्या प्रखर हव्यात, आणि प्रखर केल्या की जळतात. नळ्या वाढवाव्यात, तर यंत्र हत्ती होते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने धडधडते हृदय टिपण्यासाठी २८ नळ्यांचे यंत्र योजले होते. १९८० च्या आसपास प्रत्यक्षात बसल्या १४, आणि तसले यंत्र पुन्हा झाले नाही. २००५ मध्ये सीमेन्सने दोन नळ्यांचे यंत्र काढले, ते मात्र रुग्णालयांत रुळले. काटकोनात दोन नळ्या असल्या की अर्ध्याऐवजी पाव फेरीत काम भागते. ‘चौदा गेले, दोन राहिले. व्यवहार म्हणतात तो हाच,’ भाचा म्हणाला.

आई दारात बसून ऐकत होती. म्हणाली, ‘अरे, पणत्या कितीही लाव. पण श्वास धरायला सांगू नये एवढे त्या यंत्राला शिकव.’

‘तेच तर शिकवतोय, आजी.’

‘मग भोरला कधी आणतोस?’

यावर तो गप्प बसला. पुढची तपासणी कार्तिकी एकादशीनंतर आहे. तोवर आई रोज सकाळी पायरीवर बसून अंक मोजत श्वास धरते. काल ती अकरापर्यंत गेली होती.