उसाच्या वाटेनं मॉरिशस

मॉरिशसला जायचं म्हटलं की लोक समुद्राची चौकशी करतात. कुठला किनारा चांगला, पाण्यात कुठं उतरता येतं, पॅकेजमध्ये काय काय येतं. मला कुणी विचारलं तर मी आधी ऊस सांगते. ऐकणाऱ्याला ती चेष्टा वाटते, कारण मी मांजरीची आणि मांजरी म्हणजे ऊस, असं जुन्या लोकांच्या डोक्यात बसलेलं आहे. पण तो देश मला उसातूनच कळला, आणि पाहायच्या जागांचा क्रमही उसानंच लावून दिला.

माझं सासर मांजरी बुद्रुकचं. कालव्याच्या पाण्यावर आमचा ऊस व्हायचा, बैलगाड्या भरून थेऊरच्या कारखान्याला जायचा. 1975 साली सुरू झालेली, आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून देशभर माहीत असलेली संस्थाही आमच्याच गावात. यजमानांची नोकरी साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत गेली. आता आमच्या भागात फडांच्या जागी सोसायट्या उभ्या आहेत. ह्यांच्या निवृत्तीनंतर मुलीनं मॉरिशसची तिकिटं काढून दिली, ती मात्र निळ्या समुद्राचे फोटो पाहून.

देश केवढा, तर मुख्य बेट जेमतेम 65 किलोमीटर लांब आणि 45 रुंद. आपल्या पुणे जिल्ह्यात असे सात देश सहज मावतील. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं, गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं, चलनाचं नावही रुपया. सहल कंपन्या एक दिवस उत्तर, एक दिवस दक्षिण आणि एक दिवस इल ओ सर्फ बेट असा ठरीव बेत देतात. आम्ही चालकासह गाडी ठरवली आणि आपल्या मनानं फिरलो. हंगामही बरोबर गाठला होता. तिथं विषुववृत्ताच्या खालचे ऋतू, त्यामुळं आपल्याकडं श्रावण-भाद्रपद चालू असताना तिथं ऊसतोडणी ऐन भरात असते. विमानतळाबाहेर पडताच उसानं खच्चून भरलेली गाडी पुढं आली आणि हे सीटवर सावरून बसले.

पहिली जागा राजधानी पोर्ट लुईमधला आप्रवासी घाट. बंदरालगतच्या रस्त्यावरून नुसतं गेलं तर काळ्या दगडांच्या काही पडक्या भिंती दिसतात, बाकी काही नाही. पण 1834 पासून पुढच्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं इथं उतरली. गुलामगिरी बंद होत होती, मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून इंग्रजांनी हिंदुस्थानातून पाच वर्षांच्या करारावर माणसं आणली. सुरुवातीचा पगार महिना पाच रुपये आणि शिधा. इथल्या यशस्वी प्रयोगानंतर हीच पद्धत त्रिनिदाद, गयाना, फिजीपर्यंत गेली, म्हणून 2006 मध्ये या घाटाला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तिथल्या माहिती केंद्रात मजुरांचे जुने फोटो आहेत. मी एका बाईच्या फोटोपुढं बराच वेळ उभी राहिले. डोक्यावरून पदर, गळ्यात काळी पोत, नजर थेट कॅमेऱ्यात. प्रत्येक मजुराला एक क्रमांक मिळायचा, पुढच्या सगळ्या कागदपत्रांवर तोच चालायचा. वारसांना आज त्याच क्रमांकावरून मूळ गाव शोधता येतं. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये ती दफ्तरं जपून ठेवली आहेत.

घाटापासून पोर्ट लुईची मंडई चालत गाठता येते. तिथं दालपुरी खायचीच. पिवळ्या डाळीचं सारण भरलेली, पातळ लाटलेली ही पोळी म्हणजे गूळ न घातलेली पुरणपोळीच. ती जोडीनंच देतात. आत घेवड्याचा रस्सा, टोमॅटोची चटणी आणि मिरची घालून गुंडाळी करून कागदात बांधतात. वर सबजा घातलेला थंडगार आलूदा. दोघांचं जेवण झालं आणि खिशालाही कळलं नाही.

दुसरी जागा उत्तरेला बो प्लाँ इथली. 1999 मध्ये बंद पडलेल्या साखर कारखान्याचं त्यांनी संग्रहालय केलं आहे. धुराडं, चरक, रस आटवायच्या कढया, सगळं जागच्या जागी. फिरणारे परदेशी पाहुणे पाट्या वाचत होते, हे मात्र कुठलीही पाटी न वाचता गव्हाणीपासून साखरेच्या पोत्यापर्यंत मला रस्ता दाखवत निघाले. डच लोकांनी 1639 मध्ये जावा बेटावरून ऊस इथं आणला, फ्रेंचांनी कारखाने वाढवले, इंग्रजांनी 1810 मध्ये बेट जिंकलं तरी फ्रेंच मळेवाल्यांच्या जमिनी आणि भाषा तशाच राहू दिल्या. म्हणून आजही सरकारी कामकाज इंग्रजीत, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये आणि रस्त्यावरचं बोलणं क्रिओलमध्ये असा तिथला मामला आहे. शेवटी तऱ्हेतऱ्हेच्या साखरा चमच्या-चमच्यानं चाखायला देतात. जवळजवळ काळी, ओलसर, मळीचा वास असलेली साखर ह्यांनी जिभेवर ठेवली आणि म्हणाले, ''आपल्याकडं ही दिली तर लोक पोतं परत पाठवतील.'' तिथं तीच सगळ्यात महाग विकली जाते.

तिथून जवळच पाँप्लमूसची वनस्पती बाग आहे. परातीसारख्या काठाच्या प्रचंड कमळपानांचं तळं पाहायला सगळे जातात, आम्हीही गेलो. शक्यतो सकाळी लवकर जावं, उन्हं चढली की सहलींच्या बसगाड्या येतात.

मला सगळ्यात जास्त दिसलं ते रस्त्यावरून, गाडीच्या खिडकीतून. उसाच्या फडात मध्येच काळ्या दगडांचे उंच ढीग उभे असतात, काही तर चौथरे बांधावेत तसे नीट रचलेले. बेट ज्वालामुखीतून वर आलेलं, जमिनीत जिकडंतिकडं काळा पाषाण, आपल्या सह्याद्रीचा असतो तसाच. नांगर लागायचा तर आधी दगड निघायला हवा. आधी गुलामांनी, मग या कराराच्या मजुरांनी तो हातानं वेचून काढला आणि शेतातच रचून ठेवला. यंत्रानं तोडणी करायची म्हणून यातले बरेच ढीग आता हलवले आहेत, उरलेत ते नक्की पाहावेत. त्याला तिकीट नाही आणि कुठल्याही सहलीच्या यादीत ते सापडत नाहीत. एका फडाच्या कडेला आम्ही उतरलो. चालक म्हणाला, एकदा लावला की ऊस सहा-सात वर्षं ठेवतात. म्हणजे पाच-सहा खोडवी! ह्यांनी वाकून बुडखा पाहिला, पाचट हातात घेऊन पाहिलं, आणि पुढं अर्धा तास गाडीत तोच विषय.

पश्चिमेला कास्कावेल नावाचं गाव आहे. या देशातल्या मराठी माणसांची वस्ती मुख्यतः या बाजूला. त्यांचे पूर्वज मुंबई बंदरातून गेलेले, बरेचसे रत्नागिरीकडचे. आम्ही गेलो तेव्हा गणपतीचे दिवस होते. गणेश चतुर्थीची त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते, आणि पहिला गणपती 1896 मध्ये हेन्रिएटा गावी एका मराठी कुटुंबानं बसवला असं तिथले लोक सांगतात. देवळाच्या आवारात एक बाई पुढं आल्या.

''ताई, तुम्ही भारतातून आलात?''

''हो, पुण्याहून. मांजरीहून.''

''आमचे आजोबांचे आजोबा आले. गाव रत्नागिरी, पुढचं माहीत नाही. या, जेवून जा.''

त्या शब्द शोधत, सावकाश बोलत होत्या. घरात क्रिओल, मराठी शाळेत शिकलेली. तिथं सरकारी शाळांत मराठी विषय म्हणून घेता येतो. आडनावाचं विचारलं तर हसल्या. नोंदणी करताना मूळ पुरुषाचं नाव लिहिलं गेलं आणि तेच पुढं घराण्याचं आडनाव झालं, अशी तिथल्या बहुतेक घरांची कथा. तरुण मुलं ढोलकीवर जाखडी नाचत होती. गाण्याचे सगळे शब्द त्यांना कळत असतील असं नाही, पण पाय चुकत नव्हते. संध्याकाळी मूर्ती समुद्रावर निघाल्या. किनाऱ्यावर पोहायच्या कपड्यांतले युरोपीय पाहुणे बाजूला झाले आणि 'मोरया'च्या गजरात गणपती पाण्यात गेला. कोकणात आणि तिथं एवढाच फरक की सूर्य समुद्रात बुडत असताना मागं नारळी-पोफळीऐवजी ऊस होता.

त्याच किनाऱ्यानं दक्षिणेला गेलं की ल मोर्न डोंगर लागतो, उंची 556 मीटर. मळ्यांतून पळालेले गुलाम या कड्यांवर लपून राहत. 1835 मध्ये गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपाई वर चढले, पण ते पकडायला आलेत असं वाटून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी दंतकथा सांगतात. 2008 मध्ये हाही जागतिक वारसा झाला. पायथ्याचा किनारा बेटावरच्या सर्वांत देखण्या किनाऱ्यांपैकी एक आहे. पोहायचं तर तिथं पोहावं, पण डोंगराची गोष्ट ऐकून.

वर शामारेलला सात रंगांची माती आणि शंभरेक मीटरचा धबधबा. माती खरोखर रंगीत आहे, मात्र कठड्याबाहेरून पाहायची आणि वीस मिनिटांत संपणारी. जवळच उसाच्या ताज्या रसापासून रम काढणारी भट्टी आहे. आपल्याकडं मद्यार्क म्हणजे बहुतेक मळीचा, त्यामुळं ह्यांचा तिथून पाय निघेना. परतीच्या वाटेवर गंगा तलाव. डोंगरातलं हे तळं, काठावर देवळं आणि शंकराची 33 मीटर उंच मूर्ती. महाशिवरात्रीला देशभरातून लोक कावडी घेऊन इथं चालत येतात. आमच्या वेळी धुकं उतरलं होतं आणि माकडं प्रसादावर टपून होती.

इल ओ सर्फला आम्ही गेलो नाही, आणि त्याची हळहळ नाही. ज्यांच्याकडं वेळ आहे त्यांनी जावं, बोटीत मजा येते म्हणतात. पण थोडेच दिवस हातात असतील तर माझा क्रम असा: घाट, बो प्लाँचा कारखाना, कास्कावेल, ल मोर्न, गंगा तलाव. समुद्र रोज संध्याकाळी आपोआप समोर येतोच, बेट आहे ते. आणि जमलं तर गणपतीत जा. तोडणी चालू असते, हवा छान असते, आणि जेवायला बोलावणारं कुणीतरी भेटतं.