‘तिकडचं’ मलम

बेळगावच्या शहापूर भागात माझं औषधाचं दुकान आहे. अठ्ठावीस वर्षं झाली. दुपारी दोन-अडीचला, दुकानात दुसरं कोणी नसताना, हमखास एखादा पुरुष येतो. आधी डोकेदुखीची गोळी मागतो. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणतो, “जरा तिकडचं मलम द्या की.” कन्नड बोलणारा असेल तर म्हणतो, “अल्ली तुरिकी ऐत्री.” अवयवाचं नाव कोणीच घेत नाही. आपल्याकडे भाषेवरून कितीही वाद होवोत, या लाजेच्या बाबतीत मात्र मराठी आणि कन्नड माणसाचं अगदी एकमत आहे!

बहुतेकांना ट्यूबचं नावही पाठ असतं. कोणी मित्राने सांगितलेली, कोणी भावाच्या कपाटातून उचललेली. या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि जबर स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र असतं. लावल्यावर दोन दिवसांत खाज थांबते. पण थांबते ती स्टेरॉइडमुळे. बुरशी आत जिवंतच असते, उलट जास्त पसरते. चट्ट्याची कड पुसट होते आणि मग डॉक्टरांनाही ती चटकन ओळखता येत नाही. त्या जागेची कातडी पातळ, औषध लवकर शोषून घेणारी. महिनोन्‌महिने लावलं तर ती आणखी पातळ होते, जांघेत कायमचे वळ उमटतात, आणि मलम बंद केलं की आग आग होते. माणूस पुन्हा तीच ट्यूब मागायला येतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. मी चिठ्ठी मागतो, तेव्हा गिऱ्हाईक तोंड वाकडं करून जातं. जाऊ दे.

खरं म्हणजे खाज हा एक रोग नव्हे. तिच्यामागे कितीतरी कारणं असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. आपल्या भागात पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, दमट चड्डी तशीच अंगावर चढते. मग जांघेत नायटा येतो, ज्याला कन्नडमध्ये हुळुकड्डी म्हणतात. गोल चट्टा, कड उठलेली. हल्ली ही बुरशी औषधांना पूर्वीसारखी दाद देत नाही, म्हणून डॉक्टर सांगतील तितके आठवडे औषध घ्यावंच लागतं. रात्री खाज वाढत असेल आणि घरातली बाकीची माणसंही खाजवत असतील, तर खरूज असू शकते. तिथे एकट्याने औषध लावून भागत नाही, घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावावं लागतं. कधी कारण अगदीच साधं असतं: सुवासिक साबण, आंघोळीच्या पाण्यात ओतलेलं जंतुनाशक, चड्डीत राहिलेली कपड्यांची पावडर. कधी सोरायसिस असतो. कधी मूळ कारण जातं, पण खाजवून खाजवून कातडी जाड झालेली असते आणि तीच खाजत राहते.

आणि एक कारण म्हणजे मधुमेह, सक्करे कायिले. शिश्नाचं टोक लाल होणं, पांढरट साका येणं, पुढच्या कातडीला चिरा पडणं, ती मागे सरकेनाशी होणं. कित्येकांची साखर या तक्रारीतूनच पहिल्यांदा उघडकीला येते. ट्यूब घेऊन गेलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

हे मी स्वतः अनुभवलं आहे. माझा मधुमेह जुना. मध्यंतरी डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिनची गोळी सुरू केली. ही गोळी जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकते, आणि साखर म्हणजे बुरशीला मेजवानीच. महिन्याभरात मला त्रास सुरू झाला, पाठोपाठ बायकोलाही. ती काही बोलली नाही, पण दोन दिवस घरात जी शांतता होती, तिचा अर्थ मला कळत होता. ‘बाहेरून काही आणलं नाही ना?’ असा तो न विचारलेला प्रश्न होता. आम्ही दोघं मिळून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोघांना तपासलं, गोळीचं कारण समजावलं, दोघांनाही साधं बुरशीचं मलम दिलं, रोज साध्या पाण्याने धुऊन कोरडं करायला सांगितलं. साखरेची गोळी मनाने बंद करू नका, असंही बजावलं. परतताना रिक्षात ती पहिल्यासारखी बोलायला लागली. खाजेपेक्षा ते दोन दिवस मला जड गेले होते. गैरसमजापायी किती संसारांत अशी शांतता वर्षानुवर्षं नांदत असेल, कोण जाणे!

म्हणून मी माझ्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला सगळं नाव घेऊन सांगितलं. तो लाजला, पण त्याने ऐकलं. प्रत्येक खाज म्हणजे गुप्तरोग नव्हे, आणि तसा काही संसर्ग असलाच तर त्यालाही औषध आहे. भिंतीवरच्या जाहिरातीतल्या वैदूकडे जाऊ नये. खाज दोन आठवड्यांत हटली नाही तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं, सोबत साखर तपासावी. न भरणारी जखम, गाठ, किंवा पांढरी पडून कडक होत चाललेली कातडी दिसली तर, दुखत नसली तरी, एक दिवसही थांबू नये. क्वचित तो कर्करोगही असतो, आणि लवकर सापडला तर बरा होतो.

वडीलधाऱ्यांनो, आपल्या मुलांशी एवढं बोलाच. मराठीत बोला नाहीतर कन्नडमध्ये, पण बोला.