आधी काय गेलं

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगार अडीच लाखांच्या आसपास. फेब्रुवारीत हातात आला तो जानेवारीतल्या सतरा दिवसांचा पगार. मार्चमध्ये काहीच आलं नाही.

आधी दूध गेलं. दोन बाटल्यांची एक झाली, ती लहान मुलांपुरती. मोठ्यांचा चहा कोरा झाला. साखरेच्या जागी गूळ आला. फोडणीतलं तेल चमच्याने मोजलं जाऊ लागलं. यातलं काही शेजाऱ्यांना दिसत नव्हतं. लालबाग-परळच्या चाळींत भिंतीला भिंत लागून खोल्या, आणि प्रत्येक खोलीला वाटत होतं, ओढाताण आपल्याच घरात आहे.

वाण्याच्या वहीतलं पान भरलं. त्याने दुसरं उघडलं. मग सामान आणायला पोरांना पाठवू लागले. मोठी माणसं दुकान चुकवून पलीकडच्या बाजूने जात.

फळीवरची पितळेची भांडी गेली. मोठी आधी: घंगाळ, हंडा, परात. ती रात्री पोत्यात घालून नेली जात. लग्नात आलेल्या भांड्यांवर नावं घातलेली होती, मामाचं, आत्याचं, तारखेसकट. मोडीत नावाला किंमत नसते. भांडी वजनावर गेली. फळीवर अॅल्युमिनियम आलं.

सोनं गहाण गेलं. पाटल्या आधी, मग मंगळसूत्राची सर. गळ्यात काळी पोत आणि दोन वाट्या राहिल्या. वाट्या बहुतेकींनी शेवटपर्यंत दिल्या नाहीत. व्याज चढत गेलं, आणि सोडवून आणायचे पैसे साठले नाहीत.

गिरणगावात कित्येक घरं बाईच्या खाणावळीवर चालत. एकटे राहणारे गिरणीकामगार तिथे जेवत आणि पगाराला हिशेब करत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये सुरू केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळामुळे यातल्या अनेकींना बँकेचं कर्ज मिळू लागलं होतं. संपात खाणावळवालीने आधी उधारीवर वाढलं. मग जेवणारेच गावी गेले. दहा माणसांचं पातेलं चुलीवर चढेनासं झालं. तिचं येणं बुडालं, देणं राहिलं.

दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा माणसं राहू शकत होती ती तीन पाळ्यांमुळे. एकजण कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसरा झोपे. भोंगा थांबला आणि सगळे एकाच वेळी घरात आले. झोपायला जागा पुरेना. पुरुष गॅलरीत, जिन्यावर, रस्त्याकडेला बसून राहू लागले. दिवसा घरात बापाचं असणं मुलांच्या सवयीचं नव्हतं.

कोकणात आणि घाटावर जाणाऱ्या मनीऑर्डरी थांबल्या. उलट गावाहून तांदूळ आणि नाचणीची पोती एस.टी.च्या टपावरून येऊ लागली. ज्यांची गावी जमीन नव्हती, त्यांच्याकडे पोतं आलं नाही.

दहावीनंतरचं शिक्षण गेलं. बऱ्याच घरांत मुलींचं त्याआधीच. बायका पापड लाटायला, धुण्याभांड्याला जाऊ लागल्या. साचे चालवणारे हात भाजीच्या पाट्या उचलू लागले.

पाच दिवसांचा गणपती दीड दिवसाचा झाला. ही कपात मात्र सगळ्या चाळीला दिसली. त्यानंतर लपवणं कमी झालं. खोलीखोलीतून वाटीभर पीठ, मूठभर डाळ उघडपणे मागितली आणि दिली जाऊ लागली. अनेक घरं तगली ती यावर.

संप मागे घेतल्याची घोषणा कुणी केली नाही. त्यामुळे उसनं फेडण्याचा वायदा कुठल्या तारखेचा करायचा, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. गिरण्या हळूहळू सुरू झाल्या. लाखभर कामगार परत कामावर लागले नाहीत. काहींनी पागडी घेऊन खोली सोडली आणि ते डोंबिवली, नालासोपाऱ्याला गेले. काही कायमचे गावी गेले.

पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. गिरणी कामगारांच्या घरांसाठी लाखाहून जास्त अर्ज आले. म्हाडाने २०१२ मध्ये या घरांची सोडत काढली, तेव्हा संपाला तीस वर्षं झाली होती. अनेक अर्जांवर कामगाराच्या जागी वारसाचं नाव होतं. त्यानंतरच्या सोडतींतली काही घरं पनवेलजवळ कोनला आहेत. बहुतेक अर्जदारांना घर अजून मिळालेलं नाही.