शेजारच्या आजी आणि माझा हिशेब

सप्टेंबर २०२४ मध्ये इंग्लंडात आरएसव्ही या श्वसनविषाणूची लस ज्येष्ठांपैकी ७५ ते ७९ वयाच्यांना फुकट मिळू लागली. आमच्या शेजारच्या गोऱ्या आजी तेव्हा ८२ वर्षांच्या. "मला का नाही?" त्यांनी विचारलं.

झालं! आमच्यातला इंजिनिअर जागा झाला. लसीचा खर्च, वाचणाऱ्या इस्पितळाच्या खाटा, आणि निरोगी आयुष्याच्या एका वर्षामागे साधारण २०,००० पौंडांची मर्यादा, असा सगळा हिशेब मी चहाबरोबर मांडला. चाचण्यांमध्ये ऐंशीपुढची माणसं फारच थोडी होती, त्यामुळे त्यांना किती फायदा होईल याचा आकडा भरवशाचा नव्हता.

"म्हणजे आम्हाला कुणी मोजलंच नाही," आजी म्हणाल्या.

पुरावा नाही म्हणजे फायदा शून्य, असं नसतं. पीएचडीत हेच तर शिकलो होतो. त्यांच्यासमोर मात्र विसरलो.