सांगणारा उरला म्हणून

कोलकाता

ती. दादास,


तुझं पत्र पोचलं. वाचनालयात चंगीझखानावर बोलायचं कबूल केलंस, पण मुंडक्यांच्या राशींखेरीज डोळ्यांपुढे काही येत नाही, असं लिहितोस. मला वाटतं, तू राशींपासून सुरुवात करू नकोस, त्याच्या घरापासून कर. आणि आमच्या कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीने छापलेला एक ग्रंथ हाताशी ठेव. मिन्हाज-ए-सिराजची ‘तबकात-ए-नासिरी’. मूळ फारसी संहिता सोसायटीने 1864 मध्ये काढली, आणि तिच्याच बिब्लिओथिका इंडिका मालेत मेजर रॅव्हर्टीचं इंग्रजी भाषांतर 1881 मध्ये आलं.

आधी घराचं सांगते. तेमुजिन जन्मला 1162 च्या सुमारास. बाप येसुगेई याला तातारांनी विष घातलं, तेव्हा पोर नऊएक वर्षांचं होतं. भाऊबंदांनी विधवा होएलूनला मुलांसकट माळावर सोडलं आणि तळ हलवला. कंदमुळं नि रानफळं गोळा करून तिने मुलं जगवली. या होएलूनला येसुगेईने मेर्कित टोळीतल्या एका माणसाकडून पळवून आणलं होतं. त्याचा सूड मेर्कितांनी वीस वर्षांनी तिच्या सुनेवर उगवला. तेमुजिनची नवी नवरी बोर्ते त्यांनी पळवून नेली. तेमुजिनने तिला सोडवून आणलं, पण त्यानंतर लवकरच झालेल्या थोरल्या मुलाच्या, जोचीच्या जन्माबद्दल लोकांच्या मनात जी शंका शिरली ती कधी गेली नाही. बापाने मात्र त्याला आपला मुलगा म्हणूनच वाढवलं.

1206 मध्ये तेमुजिन चंगीझखान झाला. पुढे ख्वारज्मवर चाल करून जाण्याआधी वारसाचा विषय निघाला, तेव्हा दुसरा मुलगा चगताई भर सभेत जोचीला मेर्कितांचं पोर म्हणाला. दोघे भाऊ एकमेकांच्या गळपट्टीला भिडले. तेव्हा एका सरदाराने चगताईला त्याच्या आईची आठवण दिली: तिने कोणते दिवस काढले, तुम्हाला कसं वाढवलं. मंगोलांच्या स्वतःच्या जुन्या बखरीत हा प्रसंग सविस्तर आहे. वाद मिटला तो तिसऱ्या मुलावर, ओगदेईवर. चौथा तुलुई. या चार भावांच्या घराण्यांत पुढे चीनपासून रशियापर्यंतचा मुलूख वाटला गेला. त्या वाटणीच्या मुळाशी एका तरुण बाईवर झालेला अत्याचार होता, हे तू मंडळींना जरूर सांग.

आता मिन्हाज. हा माणूस या घराण्याने देशोधडीला लावलेला. घोर प्रांतातला. मंगोल आले तेव्हा तुलकच्या किल्ल्यात तो स्वतः लढणाऱ्यांमध्ये होता. 1227 मध्ये, म्हणजे चंगीझखान वारला त्याच वर्षी, तो आजच्या पाकिस्तानी पंजाबातल्या उच्छला पोचला. पुढे दिल्लीत काझी झाला, आणि मधली दोनेक वर्षं इथे बंगालमध्ये, लखनौतीला राहिला. या लखनौतीचाही खानाच्या चरित्राशी संबंध आहे. 1221 मध्ये सिंधूच्या काठावर ख्वारज्मच्या जलालुद्दीनने नदीत घोडा घातल्यानंतर खानाच्या मनात हिंदुस्थानातून, लखनौती-कामरूपच्या वाटेने परत जायचं होतं. मेंढीच्या खांद्याची हाडं जाळून कौल घेतले, ते अनुकूल पडले नाहीत, म्हणून तो मागे वळला, असं मिन्हाज सांगतो.

मिन्हाज खानाला शाप दिल्याशिवाय त्याचं नाव घेत नाही. पण वर्णन करायला लागला की धिप्पाड देह, मांजरासारखे डोळे, अक्कल, धाक सगळं मांडतो, आणि एकाच दमात त्याला खाटीकही म्हणतो नि न्यायीही म्हणतो. मुलांनाही तो एका मापाने मोजत नाही. चगताईची नियमांबाबतची कठोरता सांगतो, तसं ओगदेईचं मनही. पाण्यात उतरून अंघोळ करणं मंगोल कायद्याने गुन्हा होता. असं करताना एक मुसलमान दोघा भावांना सापडला. चगताई त्याला मारायला निघाला. ओगदेईने गुपचूप त्या माणसाला निरोप दिला, की माझी चांदी पाण्यात पडली, ती शोधत होतो म्हण. त्याचा जीव वाचला. इराणचा इतिहासकार जुवैनीही ही गोष्ट सांगतो. ज्यांच्या फौजांनी आपला मुलूख उजाड केला त्यांच्यातल्या एकाची दया लिहून ठेवायला केवढी सचोटी लागते, याचा विचार कर.

आणि माझ्या मते सगळ्या ग्रंथाचा गाभा असलेली हकीकत. हेरातच्या वेढ्यात एक काझी तटावरून पडूनही जगला. तुलुईने त्याला पकडून बापाकडे पाठवलं. एकदा खानाने त्याला विचारलं, माझ्यामागे माझं नाव मोठं राहील ना? काझीने आधी अभय मागितलं आणि म्हणाला, नाव माणसांमध्ये राहतं. आपले लोक सगळी माणसं मारत सुटले तर ते नाव घेणार कोण? खान भयंकर चिडला. हातातलं धनुष्य त्याने खाली टाकलं. मग म्हणाला, मी तुला शहाणा समजत होतो, इतर देशांचे लोक माझी गोष्ट सांगतील. काझी लवकरच संधी साधून तिथून निसटला आणि पुढे मिन्हाजला त्याने हे स्वतः सांगितलं.

दादा, मी मराठी बाई, या शहरात राहते, म्हणून हे मला जास्त लागतं. 1742 मध्ये इथल्या लोकांनी मराठ्यांच्या भीतीने खंदक खणायला घेतला. भास्करराम कोल्हटकरांचे बारगीर बंगालमध्ये शिरले होते. त्यांनी गावांत काय केलं ते गंगाराम कवीने ‘महाराष्ट्र पुराणा’त लिहून ठेवलं. त्यानेही आधी आपल्याच लोकांची पापं मांडली आणि मगच बारगीरांचे अत्याचार. मिन्हाजला आपण सहज मान डोलावतो, कारण त्यात जाळणारे परके आहेत. गंगाराम वाचताना तशी मान डोलावता आली पाहिजे. आपल्या पूर्वजांचा अभिमान मला तुझ्याइतकाच आहे, आणि त्या अभिमानाला ही साक्ष पेलवेल अशी माझी खात्री आहे. आपल्या तलवारीखाली जे आले त्यांनी आपल्याबद्दल काय लिहिलं, हे वाचल्याशिवाय आपला इतिहास पुरा होत नाही.

तेव्हा व्याख्यानात खानाचं घर सांग, काझीचं उत्तर सांग, आणि शेवटी गंगारामाचं नाव घे. कुणी उठून हरकत घेतली तर घेऊ दे. तू शांतपणे उत्तर देशील, हे मला ठाऊक आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
कुमुद