मधला मोहरा

शंभर घरांचा रिकामा पट समोर असला की मन आपोआप सावकाश होतं. पुठ्ठ्यावर पेन्सिलीने आखलेल्या त्या रेघांत अजून कुणाचं राज्य नाही, कुणाचं वैर नाही. घराघरांतून तिरपं सांडत गेलेलं ऊन तेवढं आहे. ज्याँ-लुई काझो या फ्रेंच माणसाने १९९० साली असाच दहा बाय दहाचा पट घेऊन ‘शाको’ हा खेळ रचला, आणि राजा, वजीर, उंट, घोडे यांच्या ओळखीच्या फौजेत दोन पाहुणे आणले: चिनी बुद्धिबळातली तोफ आणि जुन्या शतरंजाची आठवण सांगणारा हत्ती. फौज उभी दुसऱ्या रांगेत, प्यादी तिसऱ्या. पहिली रांग मोकळी, आणि तिच्या दोन टोकांना दोन तोफा.

गप्प.

हत्तीपाशी माझं मन फार रेंगाळतं. आपल्याकडे तो नाकासमोर धावतो, वाट मोकळी असेल तर थेट पटाच्या काठापर्यंत. शतरंजात तो तिरपा दोन घरं उडी घ्यायचा. चीनमध्ये तो पटाच्या मधोमध वाहणाऱ्या नदीकाठी थबकतो, पलीकडे कधीच जात नाही. आणि अकराव्या शतकात अल्-बिरुनीने हिंदुस्थानातल्या खेळाचं वर्णन करताना टिपलेला हत्ती एकेकच घर चालायचा, चार कोपऱ्यांकडे चार पाय आणि पुढे सोंड. तीच पाच दिशांची चाल आजही थायलंडच्या माकरुक या बुद्धिबळात आणि जपानी बुद्धिबळातल्या, म्हणजे शोगीतल्या, रौप्य सेनापतीच्या अंगात आहे, जणू तो प्राणी शतकानुशतकं डोंगर, समुद्र, भाषा ओलांडत गेला आणि वाटेत नाव टाकून दिलं तरी चाल विसरला नाही.

पावलं राहतात.

मग मी माझ्या पुठ्ठ्यावर तो बिरुनीचा हत्ती ठेवते आणि त्याच्यामागे चिनी तोफ. तोफ एरवी सरळच चालते. मारताना मात्र तिला मध्ये बरोबर एक मोहरा लागतो, आपला किंवा शत्रूचा, ज्याच्यावरून उडी घ्यायची. आपल्या बुद्धिबळात शह बसला की मध्ये कुणीतरी घालून राजा वाचवतात. तोफेपुढे सगळंच उलटतं. राजासमोर निष्ठेने उभा असलेला एकुलता मोहराच शहाचं कारण होतो, आणि तो बाजूला सरकला की राजा सुटतो. आडोसाच वाट होतो, हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी कितीतरी वेळ पटाला हातच लावला नाही.

त्या स्तब्धतेत मला एक कळलं. दोन देशांचे मोहरे शेजारी मांडले म्हणजे नवा खेळ होत नाही. तो होतो एकाची चाल दुसऱ्यावाचून अडते तेव्हा. चीनची तोफ आपल्या जुन्या संथ हत्तीची वाट पाहते, तो एक पाऊल पुढे येऊन मध्ये उभा राहतो, आणि तेव्हाच तिला मारता येतं. त्या क्षणी पाहुणा कोण आणि घरचा कोण, हा प्रश्न उरत नाही.

तुमच्या घरातला पट काढा. कोटाचं एक बटण तोफ म्हणून ठेवा, तिचा नियम समोरच्याला नीट समजावून सांगा, आणि पहिली चाल त्याला द्या.