गंज
एफ.ई.ला केमिस्ट्रीत करोजन घोकलं, तेव्हा वाटलं नव्हतं की ते आजीच्या आजारात पुन्हा भेटेल. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण ऑक्सिजन लागतो सुमारे २० टक्के! त्यातून फ्री रॅडिकल्स तयार होतात, मेंदूतल्या चरबीला जणू गंज चढतो. अल्झायमरमध्ये हा गंज जास्त दिसतो. म्हणून आई आजीला रोज भिजवलेले बदाम वाटून भरवते.

मी हुशारी दाखवली, "आई, २०२३ साली माइंड डाएटच्या चाचणीचा निकाल आला. स्मरणशक्ती शाबूत असलेल्या म्हाताऱ्यांना ३ वर्षं पालेभाज्या-सुकामेवा देऊनही साध्या डाएटिंगपेक्षा विशेष फरक पडला नाही. आजीला तर आजार जडलाय."

"असू दे रे. भरवताना ती माझ्याकडे बघते तरी."

मी गप्प. आता रात्री बदाम भिजत घालायचं काम माझं.